घोडी आणि मृगाचे गवत

रामटेकला वसंत ऋतूत गवत नसते. चैत्र-वैशाखात गडाच्या पायथ्यापासून खिंडसीपर्यंत सगळे पिवळे पडलेले असते आणि आमची घोडी तणस, चण्याचे कुटार व तोबऱ्यातला भिजवलेला चणा यांवर दिवस काढते. लग्नसराईचे दिवसही तेच. आपले निकाह तसे वर्षभर होतात, पण घोडी मागायला येणारे बहुतेक हिंदू शेजारी. त्यांच्या वराती संपतात, मृग लागतो आणि थोड्याच दिवसांत धानाच्या बांधांवर कोवळे गवत उभे राहते. घोडी रिकामी असते नेमकी तेव्हाच चारा फुकट मिळू लागतो, आणि घोडेवाल्यांच्या घरात पोटाच्या दुखण्याचे दिवसही हेच.

आमच्याकडे या दुखण्याला कुरकुरी म्हणतात. जुनी माणसे घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. तो शब्द शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आला. म्हणजे हे दुखणे काही आजचे नाही.

घोड्याचे पोट गाईसारखे नसते, हे लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. गाय चारा आधी मोठ्या कोठ्यात भरते, रवंथ करते आणि ढेकर देऊन वायू बाहेर टाकते. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान. त्याला ढेकर देता येत नाही, उलटीही होत नाही. चारा खरा आंबतो तो पुढे, मोठ्या आतड्यात. त्याच्या सुरुवातीलाच सुमारे ३० लिटरची एक पिशवी असते आणि तिथले सूक्ष्म जीव रोजच्या चाऱ्याला सरावलेले असतात. कोरड्या तणसावर असलेल्या घोडीला एकदम रसाळ, गोड, कमी तंतूंचे गवत पोटभर मिळाले, तर ते झपाट्याने आंबते आणि वायू साचतो. आतडे फुगते, कधी जागा सोडते, कधी पीळ पडतो. पीळ पडला की मग औषध पुरत नाही.

दोन वर्षांपूर्वी आषाढात रात्री दोर तुटला आणि फज्रच्या वेळी घोडी बांधावर सापडली. दोन्ही कुशी ढोलासारख्या ताणलेल्या. ती मान वळवून पोटाकडे बघायची, पुढच्या पायाने जमीन उकरायची, वरचा ओठ उचलायची. लीद नाही. अब्बांनी जबड्याखालची नाडी धरली. निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. हिची ६० च्या वर गेली होती. चाचांनी जवसाच्या तेलात हिंग घालून बाटली तयार केली. त्यांच्या अब्बांनी असेच किती घोडे बरे केले होते! अम्मी मध्ये उभ्या राहिल्या. “भैया, डॉक्टर येईपर्यंत बाटली खाली ठेवा.”

त्या घोडीवर दोन चुली चालतात. मुलांची फी, बग्गीचा हप्ता, सगळे तिच्याच पाठीवर. त्यामुळे आवाज चढले. पण अम्मींचे म्हणणे बरोबर होते. दुखण्याने बेजार घोड्याचे तोंड वर करून तेल ओतले तर ते फुफ्फुसात उतरू शकते आणि मग पोट वाचूनही जनावर जाते.

डॉक्टर येईपर्यंत चारा काढून घेतला आणि तिला सावकाश फिरवले. पळवले नाही, पळवल्याने फायदा होत नाही, जनावर थकते मात्र. डॉक्टरांनी दुखणे कमी करण्याचे इंजेक्शन दिले, नाकातून नळी घातली आणि नळीतून पातळ पॅराफिन सोडले. चाचा म्हणाले, “शेवटी तेलच दिले ना?” डॉक्टर हसले. “तेल खरे, पण वाट वेगळी.” असरच्या सुमारास वारा सुटला, मग लीद पडली, आणि घरात सगळ्यांच्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघाले. लीद पाहून इतका आनंद होतो, हे घोडेवाल्यांशिवाय कोणाला पटणार नाही. तसे झाले नसते तर सुमारे ५० किलोमीटरवर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागले असते. १९५८ सालचे ते महाविद्यालय आमच्यासारख्यांचा शेवटचा आधार आहे, पण पावसात फुगलेली घोडी गाडीत चढवणे सोपे नाही.

आता मृग लागला की आम्ही पहिल्या दिवशी आधी तणस-कुटार खाऊ घालून मगच तिला बांधावर सोडतो, तेही पंधरा-वीस मिनिटे. रोज थोडा वेळ वाढवत दोन आठवड्यांनी पूर्ण चरायला देतो. कापलेले ओले गवत ढिगात गरम झाले तर ते टाकून देतो. पाणी सतत समोर असते. संध्याकाळी लीद मोजतो; दिवसातून आठ-दहा वेळा पडायला हवी. कुशीला कान लावला की गुरगुर ऐकू यावी. शांतता चांगली नव्हे. चाल जड वाटली तर खूर हात लावून पाहतो, कारण याच गवताने खूरही तापतात.

घोडा सगळ्यांकडे नसतो, पण बकरी ईदचा बोकड पुष्कळ घरांत येतो. पाहुणे त्याला लाडाने पोळ्या, तांदूळ, गहू चारतात आणि कुर्बानीआधीच त्याची डावी कूस फुगते. तो रवंथ करणारा, त्याचा उपाय वेगळा. पण चारा एकदम बदलायचा नाही, हे त्यालाही लागू आहे. मुलांना तेवढे सांगून ठेवावे.

चाचांची बाटली अजून कोनाड्यात आहे. तिच्यातले तेल ते घोडीच्या खुरांना लावतात.