मुका दूरध्वनि

२००५ सालच्या २६ जुलैस सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या रात्रीं आमचा मुलगा घरीं परतला नव्हता. वीज गेलेली, दूरध्वनि मुका, भ्रमणध्वनि निर्जीव. आम्ही त्याच कळा पुन्हां पुन्हां दाबीत होतों. मातोश्री मात्र देवापुढें समई लावून स्वस्थ बसल्या होत्या. आम्ही चिडून म्हणालों, “देव का निरोप आणून देणार आहे?” त्या म्हणाल्या, “निरोप कुठें मागतें आहें रे? पोराला त्याच्या हवालीं केलें, इतकेंच.”

पहांटे मुलगा चिखलानें माखून दारांत उभा राहिला. परंतु मातोश्रींचें बोलणें त्यापूर्वींच पुरें झालें होतें. तें उत्तरावर अवलंबून नव्हतें. उत्तराची वाट न पाहतां बोलणें आम्हांस मात्र अद्याप साधलेलें नाहीं.