घड्याळी तास

माझ्या नेमणूकपत्रात मी ‘घड्याळी तासिका तत्त्वावरील’ अध्यापिका आहे. हे तत्त्व कोणत्याही दर्शनात सापडावयाचे नाही. परंतु आमच्या तालुक्याच्या गावी माझा संसार त्यावरच उभा आहे. फळ्यापुढे उभी असेन तोवर मी पगारी. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन वर्गाबाहेर पडले की बिनपगारी. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, म्हणून मानधन नाही. पाळणाघराच्या बाईंचे तत्त्व निराळे आहे. त्या महिन्यावर पैसे घेतात, आणि त्यांच्या हिशेबात दिवाळीचा महिनाही पुरा तीस दिवसांचा असतो.

पाळणाघर सहाला बंद होते. उशीर झाल्यास थोडा दंड आहे. तो मी देऊ शकते. पण पायांत बूट चढवून, दप्तर मांडीवर घेऊन पायरीवर बसलेला माझा सहा वर्षांचा मुलगा एकदा मला दिसला आहे. त्या दंडाची पावती कोणी देत नाही.

मुलाचे वडील एका कारखान्यात नोकरीस होते. त्यांच्यामागे 1995च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून मला निवृत्तिवेतन मिळते, आणि त्याचा चौथा हिस्सा मुलाच्या नावे वेगळा येतो. तो त्याच्या वयाच्या 25व्या वर्षापर्यंत येत राहील. रक्कम बेताचीच, पण तिचा एक गुण मला उशिरा कळला. मी चार तास घेतले काय किंवा चौदा घेतले काय, ती कमी होत नाही.

हा गुण मला कळला तो आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींमुळे. त्यांनाही पती नाही. एक मुलगी आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वाड्यातल्या वहिनींनी त्यांना दरमहा 1,500 रुपयांवर काम देऊ केले. मावशींनी नकार दिला. मला राग आला. स्वावलंबनावर बोलण्याची मला धंद्यामुळे सवय आहे. आदल्याच आठवड्यात मी वर्गात पंडिता रमाबाईंविषयी बोलले होते : 1882 साली वैधव्य आले, पुढच्याच वर्षी तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या विलायतेस गेल्या, चेल्टनहॅमला स्वतः शिकत असतानाच त्यांनी संस्कृत शिकविले. तोच आवेश अजून अंगात होता. मी म्हटले, “मावशी, कष्टाला का भिता?”

त्यांनी पोळपाट बाजूला सारला आणि बोटांवर हिशेब मांडला. “ताई, तुमच्याकडचे 1,700. निराधारचे 1,500. झाले 3,200. आता वहिनींचे 1,500 धरा. मग उत्पन्नाचा दाखला काढायला गेले की तलाठी काय लिहील? निराधारचे गेले. मग राहिले किती?”

मी मनात बेरीज केली. 3,200 च राहिले. दुसऱ्या घरच्या महिनाभराच्या पोळ्यांचे मोल शून्य! संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. माझ्याकडचे मावशींचे वर्षाचे 20,400 होतात. उरलेल्या सहाशे रुपयांच्या फटीत त्यांनी आपला स्वाभिमान बसवावा, असा माझा आग्रह होता. शिवाय वहिनी मे महिन्यात माहेरी गेल्या की काम सुटणार. गेलेले अनुदान मात्र सहजासहजी परत यावयाचे नाही. आणि त्या वेळात मुलीजवळ कोण बसणार, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. रमाबाई वर्गात शिकवीत तेव्हा मनोरमा कोणापाशी असे, हे तरी मी विद्यार्थ्यांना कुठे सांगितले होते?

पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी मला बोलावून संध्याकाळचे तास देऊ केले : आठवड्यातून तीन दिवस, साडेपाच ते सात. पैशांची गरज होती. माझ्या डोळ्यांपुढे ती पायरी आली, आणि मी उत्तराला दोन दिवस मागितले. माझ्या नकाराला ‘आईची माया’ म्हणावयास लोक तयार होते. मावशींच्या नकाराला मी स्वतः काय म्हटले होते, ते वर लिहिलेच आहे.

तोड मावशींनीच काढली. “बाळाला मी आणते. माझी पोरही इथंच बसेल.” मी पैशांची गोष्ट काढताच त्यांनी हात जोडले. महिना शंभर रुपये वाढविले तरी वर्षाचे बाराशे होतात, आणि सहाशेची फट कधीच बुजते. “पैसे नकोत. पोरीचं गणित कच्चं आहे, तेवढं बघा.”

मी ते तास घेतले. आता तीन संध्याकाळी दोन्ही मुले माझ्या स्वयंपाकघरात मावशींच्या नजरेखाली असतात, आणि सातनंतर मी त्या मुलीला अपूर्णांक शिकविते. हा सौदा बरोबरीचा आहे, असे मी स्वतःला सांगत असते. पण माझ्या दीड तासाचे पैसे होतात. त्याच दीड तासाचे मावशींना घेता येत नाहीत, कारण घेतले तर त्या निराधार राहात नाहीत. हे मला बोचते.

काल मुलीने विचारले, “बाई, निम्म्याचं निम्मं म्हणजे किती?” मी उत्तर दिले. मावशी भांडी विसळीत होत्या. त्यांनी वळून पाहिलेही नाही. त्यांना ते ठाऊक होते.