उचललेली पिकअप आणि पेंढ्याचा भार

भाताची झोडणी उरकली की आमच्या भिवंडी तालुक्यातून पेंढ्याच्या गाड्या कल्याणकडच्या तबेल्यांना लागतात. माझ्या पुतण्याची पिकअप बांध ओलांडताना पोटाला घासायची. म्हणून त्याने यंदा अक्सल आणि पाट्यांच्या मध्ये तीन इंची ठोकळे टाकले, मूळच्यापेक्षा दोन इंच उंच टायर चढवले. घासणं थांबलं, पण वाडा रोडच्या वळणांवर गाडी झोकांड्या खायला लागली. आणि वर भाऱ्यांवर दोन मजूर बसलेले!

हिशोब साधा आहे. दोन्ही चाकांतलं अंतर 54 इंच धरा, त्याचं निम्मं 27. भरलेल्या गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून 36 इंचांवर असेल तर 27 भागिले 36 म्हणजे 0.75. ठोकळे, टायर आणि उंच रचलेला पेंढा मिळून तो मध्य 45 वर गेला की उरतात 0.60. वळणावर गाडी जेवढा बाहेरचा जोर सोसू शकते, त्यातला पाचवा हिस्सा गेला. वेग दुप्पट केला तर तो जोर चौपट होतो, हेही ध्यानात ठेवा.

गॅरेजवाला म्हणाला, "जादा पाटा टाका, शॉकअप बदला." शॉकअपने झोका लवकर थांबतो, पण लांब वळणावर गाडी कलायची ती कलतेच. जादा पाट्याने किंवा अँटी-रोल बारने कलणं कमी होतं, पण वजन होतं तिथंच वर राहतं. उलट गाडी डोलत नाही म्हणून ड्रायव्हर वेग वाढवतो. म्हणून आधी उंची उतरवायची, मग बाकीचं.

आम्ही ठोकळे काढले, मूळ मापाचे टायर बसवले, भाराप्रमाणे हवा भरली. हवा कमी असली तरी टायरची बाजू दबून गाडी लोळते. झिजलेले बुश बदलले. यू-बोल्ट कसले आणि थोडं चालवून परत कसले. पेंढ्याचे दोन थर कमी केले, दोर आवळले. भाऱ्यांवर माणूस बसवायचा नाही, हे पुतण्याला बजावून सांगितलं. एक खेप वाढली तर वाढू दे.

आणि बांधाचं काय? तिथे दोन ब्रास मुरूम टाकून दोन्ही बाजूंनी उतार काढला. पावसाचं पाणी अडू नये म्हणून खाली पाइप घातला. आता ट्रॅक्टरची ट्रॉलीही सरळ निघते.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा फेरफार करता येत नाही. 2019 साली सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. अपघात झाला तर विम्याच्या वेळी हे ठोकळे आडवे येऊ शकतात. तेव्हा गाडी उचलण्याआधी एकदा शेताची वाट बघा.