खाते पान

ज्याने आयुष्यात कधी कीर्द-खतावणी लिहिली आहे, त्याला 'रिलेशनल डेटाबेस' समजावून सांगायला फारसा वेळ लागू नये. रोजकीर्दीत व्यवहार घडतील तसे उतरवायचे, खतावणीत प्रत्येक आसामीला स्वतंत्र पान द्यायचे, आणि कीर्दीतल्या नावापुढे 'खा. पा.' असे डोक्यावर लिहिलेल्या अरुंद रकान्यात त्या पानाचा आकडा टाकायचा. आकडा पाहून पान उघडले की माणूस सापडतो. त्याची गल्ली, त्याचा पत्ता कीर्दीत पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही. एडगर कॉड या मूळच्या इंग्रज गणितज्ञाने आय.बी.एम.मध्ये असताना १९७० साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. माहिती यंत्राच्या पोटात कुठे दडवली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नसावी, नोंदीतल्या मजकुरावरूनच दुसरी नोंद सापडावी, हा त्याचा आग्रह. आमच्या पेठेतल्या जुन्या दिवाणजींना तो परका वाटला नसता. (जाता जाता: 'रिलेशन' म्हणजे तक्त्या-तक्त्यांमधले नाते, असे पुष्कळ जण समजतात. कॉडच्या लेखी 'रिलेशन' म्हणजे तो तक्ताच. शब्द गणितातला आहे, सोयरिकीतला नव्हे.)

हे सारे आठवायचे कारण माझा भाचा. तो बेळगावात कुंदा, करदंट, मसाले विकतो, आणि काही वर्षांपासून इंटरनेटवरही त्याचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत कोणी काय मागवले होते, कोणत्या गावाला किती माल गेला, असे साधे प्रश्न त्याला पडले आणि उत्तर मिळेना. माहिती सगळी होती, पण एकाच लांबलचक तक्त्यात कोंबलेली.

त्या तक्त्याची तऱ्हा अशी. एका गिऱ्हाइकाने तीन जिन्नस मागवले की तीन ओळी व्हायच्या, पण नाव-पत्ता फक्त पहिल्या ओळीत. पुढच्या दोन कोऱ्या. डोळ्यांना ते बरे दिसते. पण कोणी हौसेने नावांच्या क्रमाने तक्ता लावला, की त्या कोऱ्या ओळी आईबापांपासून तुटून तळाशी गोळा होतात. मोबाइलचे लांबलचक आकडे तक्त्याने स्वतःच्या अकलेने आखडून टाकले होते. एकदा तर सगळी मराठी अक्षरे जाऊन त्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या रोमन 'ए'ची रांग उभी राहिली. मजकूर शाबूत होता, फक्त भलत्या लिपिसंकेताने उघडला होता.

म्हणून पहिला नियम आम्ही असा केला, की आलेले सगळे जसेच्या तसे, निव्वळ अक्षरे म्हणून, एका कच्च्या तक्त्यात उतरवायचे. कच्च्या चोपडीत खाडाखोड नाही. मग त्यातून ग्राहक, माल, ऑर्डर आणि ऑर्डरीतली कलमे असे चार पक्के तक्ते. आधी ग्राहक आणि माल भरायचे, मग ऑर्डरी, शेवटी कलमे. कारण ज्या ऑर्डरीचे पानच नाही तिचे कलम डेटाबेस आत घेत नाही. हा त्याचा कर्मठपणा मला फार आवडला.

गोष्ट एकदाच लिहावी, हे सूत्र भाच्याला इतके पटले की तो कुंद्याचा भावही फक्त मालाच्या तक्त्यात ठेवायला निघाला. म्हटले, "उद्या भाव वाढवलास की मागच्या सगळ्या बिलांची बेरीज बदलेल, त्याचं काय?" आजचा भाव ही एक गोष्ट आणि त्या दिवशी ज्या भावाने दिले ती निराळी गोष्ट. दुसरी कलमाच्या ओळीतच राहायला हवी.

खरी अडचण गावांच्या रकान्यात आली. लोकांनी बेळगाव, बेळगांव, बेलगाम, बेळगावी, शिवाय रोमन लिपीतल्या नाना तऱ्हा लिहिल्या होत्या. भाचा म्हणाला, "मामा, एका आज्ञेत सगळं 'बेळगावी' करून टाकतो की ओ." कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ पासून ते अधिकृत नाव केले, तेव्हा चूक काही नव्हती. पण त्याआधीच्या बिलांवर ते नाव कसे असेल? आणि ज्याने आपल्या हाताने 'बेळगाव' लिहिले त्याचे अक्षर आपण का पुसावे? इथे गावाचे नाव लिहिणे म्हणजे नुसता पत्ता लिहिणे नसते, हे मी भाच्याला सांगायला नको. शहापुराचीच गोष्ट घ्या. आज ते बेळगाव शहरात आहे, पण संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगली संस्थानात होते.

पिनकोडने सुटेल असे वाटले. ही योजना १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली, आणि ती रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी तसेच संस्कृतचे कवी होते. बेळगावचे आकडे ५९० ने सुरू होतात, पलीकडच्या चंदगडचे ४१६ ने. पण एका पिनकोडात अनेक खेडी आणि एका शहरात अनेक पिनकोड. तो टपालाचा बटवडा, गावाची ओळख नव्हे. अखेर गावाला एक नुसता आकडा दिला, त्याच्या पोटात त्याची सगळी नावे, आणि गिऱ्हाइकाने लिहिलेले नाव ऑर्डरीत तसेच ठेवले. मोजणी आकड्यावरून, पार्सलावर मात्र त्याचे त्याचे अक्षर.

तरी कऱ्हाड दोनदा येतच राहिले. डोळ्यांना दोन्ही हुबेहूब. पुष्कळ शोधल्यावर कळले की मराठीतला हा 'ऱ्ह' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि यंत्राच्या लेखी ती दोन गावे होतात.

शेवटी ताळा घेतला. जुन्या तक्त्यातल्या ऑर्डरी आणि नव्यातल्या, जुनी रक्कम आणि नवी. पैशापर्यंत जुळली, तेव्हाच भरणा कायम केला.

राहिल्या त्या यंत्राने 'एकच माणूस' म्हणून जोडून दाखवलेल्या ग्राहकांच्या जोड्या. एका जोडीत आडनाव एक, आद्याक्षर एक, फोन एक, पत्ता एक. मी म्हटले, जोडण्याआधी विचार. भाच्याने फोन लावला. पलीकडून वयस्क बाईंचा आवाज आला, "एक कशी ओ? एक मी, एक माझी सून. तिला करदंट लागतो, मला दात कुठायत!"

दोन्ही पाने तशीच ठेवली.