गप्पीची पिल्लं आणि माझी लाल फुली



आज माझ्याच एका चुकीबद्दल सांगणार आहे. चौथीच्या परिसर अभ्यासाची छोटी चाचणी घेतली होती. ‘सर्व मासे अंडी घालतात. चूक की बरोबर?’ हा प्रश्न मीच काढलेला. सगळ्यांनी ‘बरोबर’ लिहिलं, एकीने ‘चूक’. मी लाल फुली मारली.

ती वही घेऊन टेबलापाशी आली. “बाई, आमच्या हौदातला गप्पी अंडी नाही घालत. पिल्लंच येतात. मी बघितलंय.” डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे हौदात सोडतात, तेच हे मासे. मी म्हटलं, “अंडी बारीक असतात, तुला दिसली नसतील.” वर्ग हसला. त्यानंतर आठवडाभर तिने हात वर केला नाही.

मग एके दिवशी ती काचेची बरणी घेऊन आली. आत एकच मासा, पोट टम्म फुगलेलं, शेपटीकडच्या बाजूला पोटावर गडद डाग. ही गाभण मादीची खूण, हे मी त्या रात्री वाचून शिकले. चार दिवसांनी सकाळी मुलांचा एकच गलका! बरणीत इवलीइवली पिल्लं पळत होती. कोणी मोजली सतरा, कोणी वीस. जन्मल्याजन्मल्या पोहत होती, आणि आई त्यांनाच खायला धावत होती. घाईघाईने आईला दुसऱ्या बरणीत हलवलं.

खरं असं आहे, की गप्पीची अंडी पोटातच फलित होतात, तिथेच वाढतात. साधारण चार आठवड्यांनी जिवंत पिल्लं बाहेर येतात. म्हणजे अंडी असतात, पण ती घातली जात नाहीत. माझा प्रश्नच चुकला होता.

मुलांनी बरणीला बाहेरून पट्टी लावून वाढ मोजायला घेतली. सुरुवातीला पिल्लू एक सेंटिमीटरही नव्हतं. दोनेक महिन्यांत काहींवर रंग चढले. ते नर. नर वयात आला की त्याची वाढ जवळजवळ थांबते, तो तीनेक सेंटिमीटरचाच राहतो. मादी मात्र वाढतच राहते, पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत जाते. मादी जितकी मोठी, तितकी पिल्लं जास्त.

मधल्या काळात एक कोडं पडलं. वेगळ्या बरणीत एकट्या ठेवलेल्या आईला महिन्याभराने पुन्हा पिल्लं झाली. नर कुठे होता? गप्पीची मादी एका मिलनानंतर नराचे शुक्राणू शरीरात कित्येक महिने साठवून ठेवते. मुलांना मी एवढंच सांगितलं, की पुढच्या पिल्लांची सोय तिने आधीच करून ठेवली होती.

बरण्या भरल्या तेव्हा मुलं म्हणाली, “बाई, गावतळ्यात सोडू या!” मी उत्तर दिलं नाही. फुली खाल्लेल्या त्या मुलीलाच विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “नको. एकटीच एवढी करते. मग आपल्या माशांनी काय खायचं?” बरोबर होतं. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदादचा. परक्या तळ्यात तो स्थानिक माशांच्या अन्नात वाटेकरी होतो, त्यांची अंडी-पिल्लंही खातो. तिथे पसरायला एक गाभण मादीही पुरते. आमचे मासे परत तिच्या घरच्या हौदात गेले.

त्याच दिवशी तिची वही मागवली. सगळ्यांसमोर फुली खोडली, एक गुण वाढवला आणि शेजारी लिहिलं, ‘बाईंचं चुकलं.’ वर्ग पुन्हा हसला. या वेळी तीही हसली.

शिक्षकांनो, वहीत एकटंच वेगळं उत्तर दिसलं, तर फुली मारण्याआधी एवढंच विचारा, “तू हे कुठे पाहिलंस?” आणि पालकहो, घरात हौद असेल तर मुलांना त्यात डोकावू द्या, फक्त तुम्ही शेजारी उभे राहा.