फातूचा वाढदिवस

आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख आहे १ जून. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांची तीच असते. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लिहून टाकलेली. फातूची तारीख १३ एप्रिल. तीही अंदाजानेच ठरवलेली.

फातू ही बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातली गोरिला. १९५९मध्ये तिथे आली तेव्हा दोनेक वर्षांची असावी, म्हणून जन्मसाल १९५७ धरलं. कुणा खलाशानं मार्सेच्या गुत्त्यात दारूच्या बिलापोटी तिला देऊन टाकलं, अशी गोष्ट सांगतात. २०२५मध्ये तिला ६८वं वर्ष पूर्ण झालं. माहितीतली जगातली सर्वांत म्हातारी गोरिला. रानातली गोरिला साधारण ३५ ते ४० वर्षं जगते.

नोकरीसाठी बर्लिनला आलो. पहिल्या हिवाळ्यात सुट्टीच्या दिवशी कुठे जावं कळेना, म्हणून प्राणिसंग्रहालयाचा वर्षाचा पास काढला. काचेपलीकडची गोरिला बघत तासन्‌तास बसायचो. हात पायांपेक्षा लांब. चालताना भार मुठीच्या पेरांवर. नर १४०-२०० किलोंचा, मादी त्याच्या निम्मी. बारा-तेरा वर्षांचा झाला की नराची पाठ रुपेरी होते. सगळ्यांचं पोट सुटलेलं दिसतं, पण ती चरबी नव्हे. एवढा पाला आतड्यांत आंबवायला जागा लागते. आपल्या बोटांच्या ठशांसारख्या प्रत्येकाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या.

हे सगळं शरीर दिवसभर चघळण्यासाठी घडलेलं. आणि फातूला दात नाहीत. तिला भाज्या शिजवून देतात. सांधे दुखतात, ऐकू कमी येतं. बाकीच्यांचा गलका नको म्हणून तिला वेगळी जागा दिली आहे. रानात या वयाला ती पोचलीच नसती.

आजीलाही दात नाहीत. ती सांगलीत एकटी राहायची. गेल्या वर्षी घरात चर्चा झाली, तेव्हा फोनवर मीच तिला म्हणालो, ''पुण्याला बाबांकडे गेलीस तर दहा वर्षं जास्त जगशील.''

''आणि त्या दहा वर्षांत करू काय?''

मी हसण्यावारी नेलं. फॅमिली ग्रुपवर 'हो' लिहिलं.

आता ती अकराव्या मजल्यावर असते. बीपी आटोक्यात, वजन दोन किलो वाढलंय, डॉक्टर खूश. आम्ही चुकलो असं कुणी म्हणणार नाही. फातूला सांभाळणारेही चुकत नाहीत. ती रानातून आली तेव्हा यांच्यातल्या बहुतेकांचा जन्मही झाला नव्हता.

काल व्हिडिओ कॉलवर आजी बाल्कनीत बसली होती. विचारलं, ''काय जेवलीस?''

''मऊ भात.'' मग जरा थांबून, ''अरे, सांगलीच्या घराची किल्ली कुणाकडे आहे?''

किल्ली माझ्याकडे आहे. इथे, बर्लिनमध्ये, टेबलाच्या खणात. निघताना बाबांनी दिली होती, आजीच्या हाती लागू नये म्हणून.

''बाबांना विचारतो,'' मी म्हणालो.