वाक्यातला कर्ता

दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) शिकवायला घेण्यापूर्वी मी दरवर्षी वर्गात एक आठवण सांगत असे. पोलादपूर तालुक्यात माझे आजोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाडहून एस. टी.ने आम्ही तिथे जात असू. राब भाजायला एक म्हाताऱ्या बाई येत. त्यांना अंगणात उभे ठेवून ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. चहासाठी कान तुटलेली कपबशी वळचणीला वेगळी ठेवलेली असे. आठवण संपली की वर्ग गंभीर होई, आणि आपण प्रामाणिकपणे काही बोललो, असे समाधान मला मिळे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पाणी कोण ओतायचं?"

"घरातली मोठी माणसं," असे सांगून मी पुढे गेलो. रात्री मात्र झोप लागेना. तांब्या माझ्या हातात होता. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आजी आतून सांगे आणि मी ओटीच्या पायरीवर उभा राहून पाणी ओतत असे. धार किती उंचावरून धरायची, हे मला कुणी शिकवले नव्हते. पाहून पाहून ते आले होते. एकदा गंमत म्हणून मी धार इकडे-तिकडे हलवली. पाणी त्यांच्या लुगड्यावर सांडले, मी हसलो. त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "बाला, सरळ धर रे." त्यांचे नाव मला आठवत नाही. बहुधा ते मी कधी विचारलेच नव्हते.

व्याकरण शिकवणाऱ्या माणसाने 'पाणी ओतले जाई' अशा वाक्याचा आडोसा घेतला होता. वाक्य शुद्ध होते. त्यात फक्त कर्ता नव्हता.

पोलादपूरवरून वाहत येणारी सावित्री महाडला येते. माझी शाळा तिथलीच, आणि चवदार तळे रोजच्या वाटेवर. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह तिथले पाणी प्राशन केले. नंतर शेण-गोमूत्र घालून तळ्याचे 'शुद्धीकरण करण्यात आले'. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. हे सगळे मला पाठ होते. 'करण्यात आले' म्हणजे कुणी केले, हा प्रश्न मात्र मला पडला नाही. तळ्याचा आणि आजोळच्या तांब्याचा काही संबंध असेल, असेही कधी मनात आले नाही.

आता आजी नाही. आजोळचे घर पडले. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या घरातल्या माझ्या जुन्या वह्याही गेल्या. माझे सांगणे खोडून काढील असा साक्षीदार उरलेला नाही. आत्मपर लेखनातली खरी अडचण विस्मरणाची नसून या मोकळिकीची असावी, असे आता वाटते. 'मी लहान होतो' हे खरेच आहे. पण ते वाक्य मी आधी मनात तयार ठेवले आणि मग आठवू लागलो, हेही तितकेच खरे.

यंदा वर्गात तीच आठवण सांगितली, ती कर्तरी प्रयोगात. वर्ग नेहमीसारखा गंभीर झाला नाही. मुले माझ्याकडे पाहत राहिली. प्रश्न विचारणारी मुलगी पदवी घेऊन केव्हाच गेली आहे. तिला उत्तर द्यायचे राहिले.